क्यूबला हळद लागली

खरं तर मी तो क्यूब हातात घेतला तो खुशीच्या अभ्यासासाठी. आमची कन्या सातवीत आहे आणि वाढदिवसाला मिळालेला तो रंगीत ठोकळा ती दिवसभर फिरवत बसायची. 'आण इकडे,' म्हणून मी तो जप्त केला आणि सोफ्यावर बसून सहज एकदा फिरवून पाहिला. तेव्हापासून खुशीचा अभ्यास सुधारला. माझा मात्र कामधंदा बसला.

मी यवतमाळला एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे. (कोणत्या ते सांगत नाही, तिथं अजून नोकरी करायची आहे.) सुरुवातीला एक बाजू जुळवताना नाकी नऊ आले. मग मोबाईलवरच्या एका मिसरूड न फुटलेल्या गुरुजीनं शिकवलं, की आधी पांढऱ्या बाजूवर फुली करायची, पांढरा थर पुरा करायचा आणि तो खाली धरून पुढं जायचं. सूत्रं पाठ झाली. उजवी वर, वरची डावीकडं, उजवी खाली. झोपेतही बोटं चालायची, त्यामुळं उज्ज्वला, म्हणजे आमची बायको, हल्ली मधे उशी ठेवून झोपते. कार्यालयात तर सरावाला पोषक वातावरण होतंच. टेबलासमोर कुणी अर्ज घेऊन उभं राहिलं की मी 'थांबा, शेवटचा थर राहिलाय,' म्हणायचो आणि माणूस बिचारा थांबायचा. त्याला वाटायचं, त्याच्याच फायलीचं काहीतरी चाललंय. (साहेबांनाही तसंच वाटत असावं. त्यांनी एकदा माझ्या एकाग्रतेचं कौतुक केलं.)

असं करता करता वरणाचा कुकर व्हायच्या आत क्यूब जुळायला लागला आणि मी नको ते बोलून बसलो.

माझे सासरे मारोतराव यांची पांढरकवड्याजवळ कापूस-सोयाबीनची शेती आहे. त्यांनी नवा ट्रॅक्टर घेतला होता आणि दसऱ्याला त्याची पूजा होती. नारळ फोडायचा मान थोरल्या जावयाचा, म्हणजे माझा. पण मागे बोअरच्या पूजेला मी आपटलेला नारळ न फुटता घरंगळत शेजाऱ्याच्या गोठ्यात गेला. तेव्हापासून त्या घरातले सगळे नारळ माझा साडू कपिल फोडतो. कपिलचं वेल्डिंगचं दुकान आहे. सासऱ्यांच्या मते त्याच्या हातात कला आहे आणि माझ्या हातात पेन. हे मला फार लागलं होतं. म्हणून फोनवर मी त्यांना क्यूबचं सांगितलं.

"त्याले डोकं बी लागते अन् हात बी," मी म्हणालो.

"असं करा जवाईबापू," मारोतराव म्हणाले, "दसऱ्याले आणा ते. माहा चहा संपाच्या आत जुळलं, तं नारळ तुमचा."

सासरे चहा बशीत ओतून, फुंकून फुंकून पितात. मी मनातल्या मनात नारळ फोडून खोबरंही वाटून टाकलं.

दसऱ्याच्या सकाळी सासरी आंघोळ करून बाहेर आलो, तर ओसरीवर हत्यारांची पूजा आटोपली होती. विळे, कुऱ्हाड, फावडं, कपिलचा वेल्डिंगचा चष्मा, आणि या सगळ्यांच्या मधोमध पाटावर माझा क्यूब. पांढरी बाजू वर. तिच्या एकेका घरात उज्ज्वलेनं ओल्या हळदीचं बोट मन लावून फिरवलं होतं.

"हे काहून केलं तू?" मी कसंबसं विचारलं.

"अवो, सगळ्यायची हत्यारं मांडली. तुमचं काय मांडू? दिवसभर हेच तं असते तुमच्या हातात."

मी क्यूब पुसला. वरच्या कागदी स्टिकरांनी हळद पिऊन घेतली होती. पांढरी बाजू पिवळी ती पिवळीच. आणि पिवळी बाजू क्यूबला मुळातच एक असते. पांढऱ्यापासून सुरुवात करणाऱ्या माणसाला आता सुरुवातच उरली नव्हती. मोरीवर नेऊन कपड्याच्या साबणानं घासला. शर्टावरच्या वरणाच्या डागाला साबण लावल्यावर जे होतं तेच झालं. बाजू लाल झाली. (लाल बाजूही क्यूबला मुळातच असते.) तेवढ्यात अंगणातून हाक आली, "जवाईबापू, चहा आला." मी पूजेच्या ताटातलं एक लिंबू उचललं, कापलं आणि त्या लाल बाजूवर पिळलं. ती पुन्हा पिवळी झाली, वरून चिकट.

अंगणात कपिलनं क्यूब जिवावर उदार होऊन फिरवला आणि माझ्या हातात दिला. सासऱ्यांनी बशी तोंडाला लावली. मी फुली करायला घेतली. ती अर्धी हळदीची आणि अर्धी खऱ्या पिवळ्याची होऊ लागली. सूत्रं बरोबर, क्यूब चूक. बशीतला चहा भुरक्याभुरक्यानं उतरत होता. शेवटच्या भुरक्याला एक बाजू कशीबशी पूर्ण पिवळी झाली.

"जुळलं?" मारोतरावांनी विचारलं.

"जुळलं," मी म्हणालो आणि तेवढीच बाजू त्यांच्यासमोर धरली. वरिष्ठांना चांगली बाजू दाखवायची, हे नोकरीत अंगी मुरलेलं.

"भाऊ, पलटवा बरं," कपिल म्हणाला.

पलटवावं लागलं. मारोतरावांनी मागचे रंग पाहिले, मग मला पाहिलं आणि नारळ कपिलच्या हातात दिला. त्यानं तो एका दणक्यात फोडला. मला खरंच वाईट वाटलं.

आता चाकांखाली लिंबं ठेवून ट्रॅक्टर त्यांच्यावरून न्यायचा होता. विमलताई, म्हणजे आमच्या सासूबाई, ताट घेऊन पुढं आल्या आणि थबकल्या.

"चारही चाकायले निंबं ठेवलते म्या. एक कुठी गेलं?"

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मी आभाळाकडे पाहिलं. पण हातांना वास येत होता आणि उज्ज्वला शेजारीच उभी होती.

"अवो," ती म्हणाली, "तुम्ही त्याच्यावर निंबू पिळलं काय?"

मारोतरावांनी हात पुढं केला. मी मुकाट्यानं क्यूब दिला. त्यांनी तो हुंगला.

"हळद लागली हाय, निंबू बी लागलं हाय," ते म्हणाले. "चालते."

आणि त्यांनी तो मागच्या मोठ्या चाकाखाली ठेवला. ट्रॅक्टर पुढं गेला. कडकड आवाज झाला आणि रंगीत तुकडे अंगणभर पसरले. सासऱ्यांनी वाकून ते एकेक वेचले, आपल्या रिकाम्या बशीत भरले आणि बशी माझ्यापुढं केली.

"घ्या जवाईबापू, आता निवांत जुळवा," ते म्हणाले. "मी अजून एक कप चहा मांगवतो."