फुटका पाइप, टोपी आणि टॉवेल

फोन चार्जिंगला लावून सयाजी आंघोळीला गेला, ही त्याची पहिली चूक. अंगावर चार तांबे ज्यादा घेतले, ही दुसरी. तेवढ्यात फोन वाजला. संयोगितानं दीड वर्षाच्या राजनंदिनीला या कडेवरून त्या कडेवर घेत तो उचलला, आणि पलीकडून मोना नावाच्या मुलीनं पाकात बुडवलेल्या हिंदीत सांगितलं, की सयाजी सरांना गोव्याच्या आमच्या रिसॉर्टमध्ये दोन रात्री राहणं, खाणं, पिणं सगळं मोफत. सहकुटुंब.

सयाजी टॉवेल गुंडाळून बाहेर आला, तर बायको दारातच.

"अहो, गोव्याचं कोण तुम्हाला फुकट ठेवून घेतंय?"

सयाजीच्या अंगावरचं पाणी जागच्या जागी वाळलं.

त्याचं असं होतं. कोल्हापुरात शिवाजी पेठेत त्याचं पाइप आणि मोटरींचं दुकान. माणूस कष्टाळू, दिलदार, फक्त पत्ते दिसले की बोटं शिवशिवायची. नंदूच्या, म्हणजे राजनंदिनीच्या, बारशाला त्याच्या सासऱ्यांनी, कोडोलीच्या बाळासोंनी, भर मांडवात त्याला पाळण्याला हात लावून शपथ घ्यायला लावली होती. "पावणं, परत हातात पत्ता दिसला, तर माझी लेक आन् नात त्याच दिवशी कोडोलीला. न्ह्याला मी येनार, सोडायला कोन येनार न्हाय." बाळासो शब्दाचा माणूस. गावात एकदा भावाशी भांडण झालं, बोलणार नाही म्हणाला होता, तो एकवीस वर्षं बोलला नाही.

तेव्हापासून सयाजी कोल्हापुरात पत्त्याला शिवला नाही. शपथ कोल्हापुरात घेतली, म्हणजे ती कोल्हापूरपुरतीच, असं त्याचं त्यानंच ठरवलं आणि 'माल बघायला' गोव्याला जाऊ लागला. तिथल्या कॅसिनोत तो नेमानं हरायचा. कॅसिनोवाले जिंकणाऱ्याला नमस्कार करतात आणि हरणाऱ्याला खोली देतात. सयाजीला आता सहकुटुंब खोली मिळाली होती, त्यावरून काय ते समजा.

"स्कीम हाय," तो म्हणाला. "पाइप कंपनीची. जिल्ह्यात एक नंबर विक्री केली न्हवं आपण."

"अय्या! आणि सांगितलं नाही ते?"

"सरप्राइज होतं की."

दूध उतू जायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात संयोगितानं कोडोलीला फोन लावला. दूधही उतू गेलं. बाळासोंना जावयाचा इतका अभिमान आजवर कधी वाटला नव्हता. "मी बी येतो," ते म्हणाले आणि फोन ठेवला. येऊ का, असं विचारायची त्यांच्या घराण्यात पद्धत नव्हती.

दुकानाशेजारी आदर्शचं डिजिटल बोर्ड छापायचं दुकान. त्याच्या कानावर गेलं आणि संध्याकाळपर्यंत चौकात बोर्ड लागला. 'पाइप क्षेत्रातील ढाण्या वाघ सयाजीराव यांची गोवा येथे निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' निवड कशासाठी, हे कुणी विचारलं नाही. पेठेत अभिनंदनाला कारण लागत नाही, चांगला फोटो लागतो.

"आदर्श, लेका, उतरव की त्यो," सयाजी काकुळतीला आला.

"लाजतोस काय भावा? वाघ हाईस वाघ!"

शुक्रवारी पहाटे बाळासो हजर. पिशवीत एक कोरा फेटा, शाल, नारळ, टोपी-टॉवेल आणि पिशवीतून हातभर बाहेर आलेला फुटक्या पाइपाचा तुकडा.

"मामा, ह्ये काय?"

"आपल्या पावण्याचा मान करनाऱ्या सायबाचा मान नको कराय? रिकाम्या हातानं पावनचार खायचा व्हय?"

"न्हाई, ह्यो पाइप?"

"तुमच्याच दुकानातला. मळ्यात चौथ्या म्हैन्यात फुटला. सायेब भेटनारच हाईत, तर दावून टाकू."

आंबोलीच्या वळणांवर सयाजीनं गाडी थांबवून नंदूला घेतलं, तर तिनं त्याच्या नव्या शर्टवर दोनदा सगळं काढलं. तिसऱ्या खेपेला त्यानं ओंजळच पुढं केली. मनात म्हणाला, पोरी, तुझ्या पोटातलं बाहेर आलं तर धुता तरी येतं.

रिसॉर्टच्या दारात वॉचमननं कडक सलाम ठोकला. "वेलकम बॅक, सर!"

"ह्यो वळखतोय जनू तुमास्नी?" बाळासो.

"कंपनीनं फोटो पाठवला असंल, मामा."

तळमजल्यावर काचेपलीकडं रंगीत दिव्यांची यंत्रं ओळीनं टुणटुणत होती. बाळासो काचेला नाक लावून उभे राहिले.

"ह्या मशिनी कसल्या?"

"मोटरींचं टेस्टिंग चालतंय."

बाळासोंनी पाच मिनिटं बारकाईनं पाहिलं. "ती बाई मघाधरनं बटन दाबतीया. मोटर उचलंना जनू."

"व्होल्टेज न्हाई."

"हितं बी?" बाळासो हळहळले. सगळ्या जगाचं वीज मंडळ एकच आहे, अशी त्यांची खात्री पटली.

खोलीत जाऊन टेकतात तोवर मोनाचा फोन. फुकट राहणाऱ्यानं रोज चार तास पत्त्यांच्या टेबलावर बसायचं, नाहीतर खोलीचं भाडं लागतं, याची सरांना आठवण असेलच. सरांना होती. सर उठले.

"मीटिंग हाय जरा."

"चला की," म्हणत बाळासोही उठले आणि पाइप काखेत मारला. सयाजीनं मीटिंग रद्द झाल्याचं तिथल्या तिथं जाहीर केलं.

रात्री जेवणं झाल्यावर बाळासो झोपले. सयाजी चप्पल हातात घेऊन दारापर्यंत गेला, तर नंदूनं भोकाड पसरलं. नवी जागा, नवा पलंग, पोर काही केल्या आईकडं राहीना. तिला बाबाच्याच खांद्यावर झोपायचं होतं. संयोगितानं ती त्याच्या खांद्यावर दिली आणि पडल्या पडल्या तिचा डोळा लागला. दीड वर्षात तिला सलग झोप मिळालीच कुठं होती?

सयाजी व्हरांड्यात फेऱ्या घालू लागला. खालून मशिनींची टुणटुण येत होती. बसावं म्हटलं, की नंदू डोळे उघडे. तिनं झोपेतही त्याचा अंगठा मुठीत धरून ठेवला होता, आणि पत्ते उचलायला नेमका तोच लागतो. बारा वाजता ती गाढ झोपली, तेव्हा तो मोकळा झाला असता. पण झाला नाही. का कोण जाणे, मूठ सोडवायला त्यानं जोर लावला नाही.

सकाळी तो जागा झाला तो फोनच्या आवाजानं. संयोगिता खालून बोलत होती. "अहो, लवकर या. आबांनी मोठ्या साहेबांना बोलवून घेतलंय."

सयाजी तीन तीन पायऱ्या गाळत उतरला. लॉबीच्या मधोमध सुटाबुटातला, दिल्लीकडचा मॅनेजर उभा होता आणि बाळासोंनी त्याच्या हातात फुटका पाइप ठेवला होता.

"सायेब, चार म्हैन्यात फुटला. मान्साला वाईट वाटतंय का न्हाय?"

मॅनेजरला मराठी येत नव्हतं, पण फुटका पाइप कळला. तो पांढराफटक पडला. पाहुण्याच्या बाथरूमचा पाइप फुटला आणि म्हाताऱ्यानं तो स्वतः तोडून खाली आणला! त्यानं हात जोडून माफी मागितली, दोन प्लंबर वर पिटाळले आणि आणखी एक रात्र फुकट जाहीर केली.

संयोगितानं तेवढं भाषांतर केलं आणि बाळासोंचा ऊर भरून आला. "बगा! तकरार केली तर मुक्काम वाढीवला. कंपनी असावी तर अशी!"

मग कोण आवरणार? त्यांनी मॅनेजरला खुर्चीत बसवलं, खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला, त्यावर टोपी-टॉवेल ठेवला आणि सुटावर असा झकास फेटा बांधला, की कामावरची पोरं मोबाइल काढून धावली. संयोगितानंही फोटो काढला.

"आता सायेब, आमच्या पावण्याबद्दल दोन शब्द बोला की."

सत्कार झाला की दोन शब्द होतातच. फेट्यानं मॅनेजरही हलला होता. तो उठला आणि इंग्रजीत बोलू लागला. सयाजी खांबाआड सरकला. कारण बाळासोंना इंग्रजी येत नव्हतं, पण संयोगिता नंदू होईपर्यंत इंग्रजी शाळेत शिकवत होती.

"वर्षात चौदा वेळा सर आमच्याकडे आले," मॅनेजर म्हणाला.

"काय म्हनत्यात?" बाळासो.

संयोगितानं नवऱ्याकडं पाहिलं. चौदा वेळा 'माल बघायला'. चौदा वेळा तिनं डब्यात चपात्या बांधून दिल्या होत्या. सयाजीला कोडोलीचा रस्ता आणि त्यावरून लांब जाणारी गाडी दिसू लागली. नंदू मागच्या काचेतून हात हलवत होती.

"म्हणतात, चौदा वेळा येऊन गेलेत, आबा."

"कशाला?"

संयोगितानं नंदूला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"शिकायला," संयोगिता म्हणाली.

"आन् काय शिकलं?"

"अजून शिकतायत. डोक्यात शिरायला वेळ लागतोय म्हणे."

मॅनेजर पुढं म्हणाला, की सर आमच्या टेबलावर राजासारखे हरतात, कधी तोंड वाकडं करत नाहीत.

"म्हणतात, हात फार सैल आहे."

"ते खरं हाय," बाळासो म्हणाले आणि सगळ्यांत जोरात टाळ्या त्यांनीच वाजवल्या.

जादा मुक्कामालाच काय, दुसऱ्या रात्रीलाही संयोगितानं हात जोडून नकार दिला. खालच्या काउंटरवर सयाजीनं दोन्ही दिवसांचं भाडं भरलं. परतीच्या वाटेवर ती फक्त नंदूशी बोलत होती.

"नंदू, बाबांना विचार, तेराच्या पुढं काय येतं गं?"

सयाजीचा गिअर चुकला.

गडहिंग्लजला चहाला थांबले. ती फोन घेऊन लांब जाऊन उभी राहिली. बोलता बोलता हात पसरून कसलीतरी लांबीरुंदी दाखवत होती. पेटीची असणार, सयाजीनं ताडलं. कोडोलीला न्यायच्या पेटीची. चहावर साय धरली, तरी कप त्यानं उचलला नाही.

"पावणं, मोटर उचलंना जनू तुमची," बाळासो म्हणाले.

संध्याकाळी गाडी चौकात वळली आणि सयाजीचा पाय ब्रेकवर पडला. जुना बोर्ड गेला होता. त्याच्या दुप्पट नवा लागला होता. एका बाजूला फेटा बांधलेला मॅनेजर, दुसऱ्या बाजूला सयाजी आणि मधे ठळक अक्षरांत: 'पाळण्याच्या शपथेला जागून गोव्यासह सर्व ठिकाणचे पत्ते कायमचे सोडल्याबद्दल सयाजीराव यांचे हार्दिक अभिनंदन!' खाली कोपऱ्यात काळा गॉगल घातलेली नंदू. 'शुभेच्छुक : कु. राजनंदिनी (वय दीड वर्ष) व समस्त शिवाजी पेठ.'

बाळासोंनी एकेक अक्षर लावून वाचलं. "पत्ते सोडून दीड वरीस झालं की. आत्ता का?"

"वाढदिवस नसतो का वर्षाच्या वर्षाला, आबा? तसं."

"आन् गोव्यासह?"

"सगळीकडचं लिहिलं की पक्कं वाटतं."

तोवर चहावाला, तालमीतली पोरं, समोरचे शमशुद्दीनचाचा असे सगळे गाडीभोवती जमले. जो तो सयाजीचा हात हातात घेऊन अभिनंदन करत होता. शमशुद्दीनचाचा म्हणाले, "आता तू कुठं पत्ते खेळताना दिसलास, तर आमची मान खाली. समस्त पेठेत आमी बी आलो."

तेवढ्यात फोन वाजला. मोना. सयाजीनं संयोगिताकडं पाहिलं. ती नंदूची टोपी सारखी करत होती, पण तिचे कान इकडंच होते.

"मोनाताई, आता न्हाई जमायचं," सयाजी म्हणाला. "आमच्यात बोर्ड लागलाय."

"क्या लगा है, सर?"

त्यानं फोन ठेवला आणि हात पुढं केले. संयोगितानं नंदू त्याच्याकडं दिली. नंदूनं लगेच अंगठा मुठीत धरला.

आदर्श शिडी खांद्यावर घेऊन आला. "वैनी, किती ठेवायचा बोर्ड?"

"चौदा."

"दिवस न्हवं?"

"वर्षं," संयोगिता म्हणाली आणि चपात्या करायला घरात गेली.