चाळिसाव्याची बिस्किटं

"एक कणही मागे उरत नाही, आई. एकही नाही!" एफ्तेर्पीने अमोनियाच्या पुडीवर टिचकी मारली. बावीस वर्षं ती शाळेत रसायनशास्त्र शिकवत होती. बिस्किटांत घालायच्या चिमूटभर क्षाराला ती काय घाबरणार! "भट्टीत तापला की हा मोडतो. अमोनिया, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ. तिन्ही हवेत पसार, बिस्किट कुरकुरीत!"

"कुरकुरीत राहू दे," सासूबाई स्तामातीया म्हणाल्या. "उद्या लोक रडले पाहिजेत."

उद्या सासऱ्यांच्या मृत्यूनंतरचा चाळिसावा दिवस होता. प्रोद्रोमोस जन्मभर गावाशी भांडले. विहिरीवरून, बकऱ्यांवरून, घंटा फार वाजते म्हणून पाद्रीबाबांशीसुद्धा! अंत्यविधीला अख्खं गाव आलं आणि कोरड्या डोळ्यांनी कॉफी पिऊन गेलं. शेजारच्या पोलिक्सेनीने तर चक्क जांभई दिली! ती जांभई सासूबाईंना अजून टोचत होती.

"आणि जाड थाप गं सूनबाई. पातळ केलीस तर म्हणतील, मेल्यावरही चिक्कूच."

एफ्तेर्पीने मुठीएवढे गोळे थापले. भट्टी उघडली तशी मांजराने खिडकीतून थेट अंजिराचं झाड गाठलं! "जातोय, वायू जातोय," ती शिंकत म्हणाली, आणि नरम पडू नयेत म्हणून गरमच बिस्किटं डब्यांत भरून तिने झाकणं घट्ट लावली.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या दालनात प्रार्थना झाली, प्रथेप्रमाणे गेलेल्याच्या नावाने उकडलेले गहू वाटून झाले. एक डोळा ओला नाही! पोलिक्सेनी घड्याळ बघत होती.

मग डबे उघडले.

पाद्रीबाबांनी पहिलं बिस्किट मोडलं, घास घेतला आणि त्यांच्या गालांवरून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"अगं बाई! पाद्रीबाबा रडतायत? प्रोद्रोमोससाठी?" पोलिक्सेनीने आ वासला, त्यात बिस्किट घातलं आणि हंबरडाच फोडला.

गेलेल्याच्या नावाचा घास थुंकायचा कसा? माणसं गिळत होती आणि रडत होती. म्हातारा लाझारोस हुंदके देत ओरडला, "विहीर त्याचीच होती हो! मीच खोटं बोललो!"

एफ्तेर्पीने एक तुकडा तोंडात टाकला आणि तिच्याही डोळ्यांतून पाणी आलं. पातळ बिस्किटातून वायू निसटतो. एवढ्या जाड गोळ्यातून कसा निसटणार? नववीच्या पोरांनी सांगितलं असतं!

दालन रिकामं झाल्यावर ती सासूबाईंपुढे उभी राहिली. "आई, चूक झाली. ती माणसं दुःखाने नाही रडली. माझ्या बिस्किटांमुळे..."

"ठाऊक आहे," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "सकाळीच एक खाऊन बघितलं मी."

"आणि तरी वाटू दिलीत?"

"वायू उडू नये म्हणून झाकण दाबून पुन्हा घट्ट बसवलं," सासूबाई म्हणाल्या. "सहा महिन्यांच्या प्रार्थनेला थोडी आणखी जाड थाप हं."