हत्तीला दोन पंच

१२ जानेवारी. संक्रांतीचे तीळ भाजत होते. तीळ भाजताना कढई सोडून हलता येत नाही, पण ही गोष्ट समोरच्या फ्लॅटमधल्या आप्पा शेलारांना कधी पटलेली नाही. बेल वाजली, विलासने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, दार उघडलं, आणि आप्पांचा आवाज आला, "दोन माणसं हवीत. सिलिंडर आलाय."

"मी येतो," विलास म्हणाला.

"एक चालत नाही."

मी गॅस बंद केला. समोर जाऊन आम्ही दोघं आप्पांच्या स्वयंपाकघरात उभे राहिलो आणि सिलिंडरच्या सीलकडे बघितलं.

"पाहिलंत?"

"पाहिलं."

"शाबूत?"

"शाबूत."

"या आता."

परत येईपर्यंत कढईच्या गरमीने तीळ करपले होते. त्याला पंच कोणी बोलावले नाहीत.

आप्पा कोर्टातले निवृत्त बेलीफ. आयुष्यभर लोकांच्या दारावर नोटिसा चिकटवल्या, जप्त्या केल्या, ताबे घेतले. दार बंद असलं की शेजारपाजारचे दोन पंच उभे करायचे, त्यांच्यादेखत नोटीस लावायची. पंच नसतील तर सगळं फुकट. चौतीस वर्षं हे केल्यावर माणूस निवृत्त होतो, सवय होत नाही. आमच्या खरवईच्या सोसायटीत राहायला आल्यापासून त्यांनी पावती, करार, काही लिहून घेतलेलं मी पाहिलेलं नाही. "लिहिलं की कोर्ट लागतं," ते म्हणतात. "नुसतं उभं राहा."

आम्ही कशाकशाला उभे राहिलो आहोत म्हणून सांगू. त्यांच्या गॅलरीतलं कबुतराचं घरटं त्यांनी काढलं नाही, कबुतरं आपण होऊन गेली, याला. नवीन चप्पल दुकानातच डाव्या पायाला घट्ट होती, याला. एकदा कलिंगड कापताना. विकणाऱ्याने "लाल निघेल" असं दोन माणसांसमोर सांगितलं होतं, म्हणून कापतानाही दोन माणसं हवी होती. लाल निघालं. आप्पा थोडे हिरमुसले.

जवळच्या सिंधी वस्तीत, कॅम्प नंबर तीनला, माझं छोटं युनिट आहे, जीन्सला बटणं आणि रिबिटं ठोकायचं. आप्पा कधीतरी तिकडे येतात, शेअर रिक्षाने. रिक्षावाल्याने "सीधा तीन नंबर" म्हटलं की बाजूला बसलेल्या दोन अनोळखी माणसांना ते विचारतात, "आप दोनों ने सुना ना?" ती बिचारी मान डोलावतात. मग रिक्षा मध्येच वळली तर त्या दोघांना तिथे उतरून साक्ष द्यावी लागते. आमच्या खालचे चहावाले सिंधी काका त्यांना लांबून बघूनच म्हणतात, "आओ साईं, आज किसको फाँसी?"

पंच होणंही सोपं नाही. त्याचे नियम आहेत. सज्ञान हवा, परिसरातला हवा, पक्षकाराचा नातेवाईक नको आणि पगारी नको. नवरा-बायको मिळून एक की दोन, यावर आप्पांनी बराच विचार केला होता. शेवटी आम्हाला दोन धरलं. कारण विचारलं तर म्हणाले, "तुमचं दोघांचं कशावरच एकमत होत नाही. असे पंच मला नोकरीतही मिळाले नाहीत."

तर त्या दिवशी संध्याकाळी मी दुसऱ्यांदा तीळ भाजत असताना पुन्हा बेल वाजली.

"दोन माणसं हवीत," आप्पा म्हणाले. "एका दिवसाचं काम आहे. दोडामार्गला."

"दोडामार्गला कशाला?"

"रानटी हत्ती बघायचाय."

त्यासाठी थोडं मागचं सांगायला हवं. आप्पांच्या पत्नी वत्सलाकाकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांचं माहेर दोडामार्गकडचं. पंचवीसेक वर्षांपूर्वी, त्या भागात कर्नाटकातून हत्ती उतरायला नुकती सुरुवात झाली होती तेव्हा, काकू माहेरी गेल्या होत्या. पहाटे विहिरीवर उभ्या असताना बागेच्या टोकाला त्यांना हत्ती दिसला. परत येऊन त्यांनी आप्पांना सांगितलं. आप्पांनी विचारलं, "आणखी कोणी पाहिला?" काकू म्हणाल्या, भावाने सकाळी पावलं पाहिली. आप्पा म्हणाले, "भाऊ धरत नाहीत. घरचा पंच."

झालं ते एवढंच. पण काकूंनी हत्तीचं नाव पुन्हा काढलं नाही. टीव्हीवर हत्ती आला की उठून आत जायच्या आणि भांडी आवाज करून लावायच्या. मला हे काकूंनीच सांगितलं होतं, हसत हसत. पण वीस-बावीस वर्षं कोणी हसत हसत भांडी आपटत नाही.

"आप्पा, तिकडे हत्ती आहेत हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे," मी म्हटलं. "पेपरात रोज येतं."

"बातमी हा पुरावा नव्हे."

"मग काकूंच्या भावाकडे जाऊन राहा की. त्याची बाग हत्तींनी खाल्ली, तुम्हीच सांगितलंत."

"बाबलकडे उतरलो तर मी पक्षकाराच्या घरचं जेवलो असं होईल." ते दारातच उभे होते. "खासगी जीप केली आहे. जीपवाला सावंतवाडीहून सकाळी घेऊन जातो, संध्याकाळी सोडतो. हत्ती दिसला पाहिजे, आणि दोन पंचांसमोर दिसला पाहिजे. मग मला मान्य."

"कोणासमोर मान्य करणार?" विलासने विचारलं. विलासला असे प्रश्न वेळकाळ न बघता सुचतात.

आप्पा वळून घरी गेले. मी विलासला रजा टाकायला सांगितलं.

महिनाअखेरीस आम्ही सावंतवाडीला लॉजवर उतरलो. तिथून पुष्कळ लोक एकत्र गाडी करून जातात, स्वस्त पडतं, असं लॉजवाल्याने सुचवलं. आप्पांनी नाही म्हणून मान हलवली. "वीस जणांत एकाने हत्ती म्हटलं की एकोणीस जणांना दिसतो."

सकाळी जीप आली. चालवणारा मंगेश चाळिशीचा, तोंडात सुपारी, कामाला चोख. वनखात्याच्या माणसाचा निरोप होता, सुळेवाला हत्ती धरणाच्या वरच्या अंगाला आहे. जवळ जायचं नाही, गाडीतून उतरायचं नाही, ओरडायचं नाही, हे मंगेशने निघतानाच सांगितलं.

"आणि तुम्ही दाखवायचं नाही," आप्पा म्हणाले.

"म्हणजे?"

"तुम्ही पैसे घेताय. हत्ती दिसण्यात तुमचा फायदा आहे. तुम्ही बोट दाखवलंत तर ते धरता येणार नाही. तुम्ही फक्त गाडी चालवा. हत्ती हे पंच स्वतः बघतील."

मंगेशने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

दुपारपर्यंत आम्ही हत्तीची लीद बघितली, मोडलेल्या केळी बघितल्या, मध्येच सोललेला माड बघितला. प्रत्येक ठिकाणी आप्पा "पाहिलंत?" विचारायचे आणि आम्ही "पाहिलं" म्हणायचो. पण त्याने त्यांचं समाधान होत नव्हतं. "हे कृत्य झालं. आरोपी कुठे?" वळणावळणाचा रस्ता. विलासने उलटीची गोळी घेतली होती, तो मागच्या सीटवर पिशव्यांवर डोकं टेकून झोपला.

चारच्या सुमारास मंगेशने गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. खाली ओढा, पलीकडे बांबूचं बेट. आत काहीतरी मोडत होतं, सावकाश, घाई नसल्यासारखं. मंगेशला सांगायचं होतं हे दिसत होतं, पण त्याला मनाई होती. त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि डोळे मोठे करून सरळ समोर बघत राहिला.

आप्पा पुढे बसले होते. त्यांनी बांबूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मग मागे बघितलं. विलास घोरत होता.

"अहो," ते कुजबुजले. "उठा. दोन लागतात."

"आप्पा, समोर बघा," मी म्हटलं.

"दोन लागतात," असं म्हणत ते सीटवर गुडघे टेकून पूर्ण मागे वळले आणि विलासचा खांदा हलवू लागले.

तेवढ्यात हत्ती बाहेर आला. बांबूतून निघाला आणि ओढ्याच्या कडेने चालत गेला. मी कल्पना केली होती त्याहून मोठा, आणि त्याचा काहीच आवाज नव्हता. अंगावर लाल माती. उजव्या सुळ्याला कोणाच्या तरी बागेतला पाण्याचा काळा पाइप अडकलेला होता, आणि तो मागे फरफटत येत होता. एकदा थांबून त्याने मान झटकली. पाइप काही निघाला नाही. मग तो पुढच्या झाडीत गेला आणि झाडी पुन्हा मघासारखी झाली.

विलास उठून बसला. "काय झालं?"

आप्पा पुढे वळले. ओढा होता, बांबू होते. ते बराच वेळ बघत राहिले.

"हत्ती गेलो," मंगेश न राहवून म्हणाला. "आता काय यायचो नाय."

आम्ही अंधार पडायला लागेपर्यंत थांबलो. तो आला नाही. या माणसाची समजूत घालणं मला जमलं नसतं. म्हणून खरं तेच बोलले.

"मी पाहिला, आप्पा. पण मी एकटीच. तुमच्या हिशेबात बसणार नाही."

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, घातला, पुन्हा काढला.

"बसेल," ते म्हणाले.

नंतर गाडी सुरू झाल्यावर मान न वळवता विचारलं, "केवढा होता?"

मी सांगितलं. त्यांनी सोंड विचारली, कान विचारले, चाल विचारली. पाइपाचं ऐकून थांबले आणि ते पुन्हा सांगायला लावलं. मग मंगेशला म्हणाले, "गाडी बाबल गवसाच्या घरी घ्या. वाट मी दाखवतो."

बाबलमामा अंगणात पंपाची मोटर उघडून बसले होते. भावजींना दोन वर्षांनी बघून ते उठले आणि हात पुसले. आप्पा उभे राहूनच म्हणाले, "बाबल, या बाईंनी हत्ती पाहिला. त्या आमच्या कोणी लागत नाहीत." आणि मला म्हणाले, "सांगा."

मी सगळं सांगितलं. बाबलमामांनी नीट ऐकून घेतलं.

"पायप किती इंचाचो होतो?" त्यांनी विचारलं.

मला इंच सांगता येईना. मामा म्हणाले, "माझे तीन ओढून नेल्यान. भावजी, हत्ती आसा ह्या माका कित्याक सांगतास? रोज उठून बघतंय."

"तुला नाही सांगत," आप्पा म्हणाले, आणि पायरीवर बसले. मामी आतून पाणी घेऊन आल्या. आप्पा प्यायले. जेवलेही तिथेच. आम्हीही मग त्या रात्री तिथेच राहिलो.

सकाळी सहाला मी तोंड धुवायला मागच्या विहिरीवर गेले, तर आप्पा आधीच तिथे होते. राखाडी स्वेटर, राखाडी कानटोपी, हातात मामांची काठी. विहिरीपासून बागेच्या टोकापर्यंतचं अंतर ते डोळ्यांनी मोजत होते. मामा शेजारी उभे राहून सांगत होते की ताई इथे होती, हत्ती तिथे, शेवटच्या बांधाशी. पोफळी तेव्हा नुकत्या लावलेल्या, कमरेएवढ्या, म्हणून मध्ये आड काही नव्हतं. नंतर त्या वाढल्या. आता हत्तींनी पाडल्या, म्हणून पुन्हा आड काही नाही.

"तुम्ही इथे उभ्या राहा," आप्पा मला म्हणाले. "कठड्याला टेकून. ती टेकूनच उभी राहायची."

मी ब्रश तोंडातून काढला आणि टेकून उभी राहिले. आप्पा पडलेल्या पोफळींवरून पाय उचलत उचलत बांधापर्यंत गेले आणि आमच्याकडे तोंड करून उभे राहिले. अजून नीट उजाडलं नव्हतं. झाडांखाली धुकं होतं.

"दिसतो का?" त्यांनी तिकडून विचारलं.

"दिसताय."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"कान?"

"कानटोपी दिसतेय, आप्पा."

मला वाटलं, आता परत येतील. पण ते तिथेच उभे राहिले, विहिरीकडे बघत. मामा गोठ्याकडे गेले. ओसरीवरून विलासने हाक मारली, चहा झालाय, निवतोय. मी हातानेच त्याला थांब म्हटलं, आणि जोवर आप्पा बांधाशी उभे होते तोवर कठड्याला टेकून त्यांच्याकडे बघत राहिले.