अंबूबाईंचीच आंघोळ गरम

"आप्पा, रविवारपातूर गरम पाणी आलं तर ठीक. न्हाय तर सोमवारी सोलर उतरवतो आणि गिझर बसवतो," बाथरूममधून कुडकुडत बाहेर येत शिवराज म्हणाला.

वडगावातल्या त्या घरावर सोलर बसवायचा आग्रह त्याच्या वडिलांचा, तम्मण्णा गुरुजींचा होता. छत्तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या गुरुजींनी सोलरचे फायदे गल्लीतल्या दहा घरांना समजावले होते आणि त्यातल्या चौघांनी तो बसवलाही होता. आता गुरुजींचाच सोलर उतरला, तर त्याच्याबरोबर त्यांचा शब्दही गच्चीवरून खाली आला असता.

"कारणाबिगर कायबी होत न्हाय, शिवराज. मी हुडकतो."

गुरुवारी त्यांनी सोलरच्या नळ्या धुतल्या. टाकीतून निघणाऱ्या पाइपला हात लावला, तर चटका बसला. म्हणजे वर पाणी गरम होतं आणि खाली येईतोवर गार होत होतं. शुक्रवारी त्यांनी सबंध पाइपला गोणपाट गुंडाळलं. शनिवारी जोतिबा प्लंबरनं पाइप दोन ठिकाणी ठोकला, "गुरुजी, सगळं बरोबर हाय," असं सांगितलं आणि चहा पिऊन तो गेला.

सगळं बरोबर होतं आणि पाणी गार होतं. अपवाद एकच. सुनेची, म्हणजे रचनाची, आई अंबूबाई दहा दिवसांपूर्वी निपाणीहून राहायला आल्या होत्या. त्या आंघोळ करून दार उघडत, तेव्हा त्यांच्यामागून वाफेचा लोट बाहेर येई.

गुरुजींनी वहीत तीन रकाने आखले: माणूस, वेळ, पाणी. रचनाला अंबूबाईंच्या आधी पाठवलं. गार. स्वतः त्यांच्यानंतर लगेच गेले. गारच.

"आई, तू आत जाऊन काय मंतर म्हणतीस गं?" रचनानं विचारलं.

"गप गं. मला येतंय बाई गरम, म्या काय करू?"

रविवारी सकाळी शिवराज फोनवर गिझरची चित्रं बघत बसला. गुरुजी विहीणबाईंसमोर पाट ओढून बसले.

"आक्का, आत गेल्यावर पयल्यांदा काय करता? सावकाश सांगा. चुकलं तरी चालतंय."

"दार लावते."

"शाब्बास. मग?"

अंबूबाई पदराशी चाळा करू लागल्या. "रागावू नका पावणं. त्या नव्या शॉवरचं गरम-गार दोन्ही कॉक उघडंच असत्यात. माझ्यानं बघवत न्हाय. ते घट्ट बंद करते आणि बादलीचा नळ सोडते."

"आणि झाल्यावर?"

"तुमच्या खुणंवर होतं तसंच लावून येते. लेकीच्या घरची शिस्त आपण कशी मोडायची?"

गुरुजींची पेन्सिल थांबली. शॉवर पाहुण्या यायच्या आदल्या दिवशी बसवला होता. दुपारी गरम-गार नेमकं जुळवून दोन्ही कॉकवर सुनेच्या नेलपॉलिशनं खुणा गुरुजींनीच केल्या होत्या. कॉक हलवायचे नाहीत, फक्त हातातल्या शॉवरचं बटण दाबायचं, हे सगळ्यांना दोनदा समजावलंही होतं. पण सकाळी वरची गार पाण्याची टाकी भरलेली असली की त्या पाण्याला जोर चढे. ते उघड्या कॉकमधून आतल्या आत गरम पाइपमध्ये घुसे आणि शॉवरला काय, बादलीच्या नळालाही गारच पाणी येई.

ते तडक आत गेले. दोन्ही कॉक बंद केले, नळ सोडला. "आलं! आलं!" भाजलेली बोटं झाडत ते ओरडले. घर गोळा झालं.

"झालं काय हुतं?" शिवराजनं विचारलं.

"उघड्या कॉकमुळं. माझीच—"

"कॉक?" रचना आईकडे वळली. "तरीच! तू आल्यापास्नंच पाणी बिघडलंय. कॉकशी खेळत हुतीस व्हय रोज?"

अंबूबाईंनी व्याह्यांच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. "व्हय गं, चुकलं माझं."

"न्हाय! चूक माझी हाय. हे बघा, हा गार पाइप, हा गरम..." गुरुजींनी वहीत आकृती काढली. एकदा समजावलं. दुसऱ्यांदा बाण काढून समजावलं.

"कळलं, आप्पा," शिवराज हसत म्हणाला. "पावण्यांची बाजू घ्यायलाय. ऱ्हाऊ दे, गिझर न्हाय आणत."

"अरे, मी खरं सांगायलोय!"

"मामांचं मन लई मोठं हाय," सासऱ्यांकडे बघत रचना म्हणाली.

गुरुजी तिसऱ्यांदा वही उघडायला लागले, तशी अंबूबाईंनी ती काढून घेतली आणि त्यांच्या हातात टॉवेल दिला. "पावणं, पोरं शिकत नसली तर सोडा आता. पाणी निवायच्या आत आंघोळ करून घ्या."

गुरुजी टॉवेल खांद्यावर टाकून आत गेले. कडी लागताच रचनानं बाहेरून बजावलं, "मामा, जपून हं! आईनं कॉकचं काय करून ठेवलंय कुणास ठावं!"