मोरीखालची सोन्याची खाण

‘गरुडाची नजर, बर्फाचं डोकं आणि वाघाचं काळीज लाभलेला या शहरातला एकमेव खासगी गुप्तहेर.’ हे वाक्य माझं नाही. भाऊजींनी ते उभं राहून सांगितलं आणि मला बसून लिहायला लावलं. गरुडाला जाड भिंगाचा चष्मा आहे आणि वाघ पाल दिसली की स्टुलावर चढतो, हे लिहू नकोस म्हणाले, म्हणून तेही लिहून टाकलं. भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. तीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. ते निवृत्त झाले आणि लिफ्ट चालू लागल्या. मी पोस्टात शिक्के मारतो आणि सुटीत त्यांचा सहायक असतो, कारण बहिणीने हात जोडून सांगितलंय, ‘यांना घराबाहेर ने रे, कुठेही ने.’

गेल्या महिन्यात मी त्यांना समोरच्या घरी नेलं. तिथे एक काकू आणि त्यांचे दोन मुलगे राहतात. त्यांची मोरी तुंबली होती. प्लंबरने पाइपात हात घातला आणि मुठीएवढी गारगोटी बाहेर काढली. पांढरीशुभ्र, आणि तिच्यात केसासारख्या पिवळ्या रेघा.

‘हा दगड अडकला होता, म्हणून पाणी तुंबत होतं,’ प्लंबर म्हणाला.

‘प्लंबरला पाणीच दिसणार,’ भाऊजी म्हणाले आणि त्याला घालवून दिलं. मग खात्रीसाठी त्यांनी दगडाला कडकडून चावा घेतला. दाढेचा तुकडा पडला. ‘बघ! खोटं असतं तर दगड तुटला असता.’ हा तर्क मी जसाच्या तसा लिहून घेतला. पण दैव असं, की सोनाराने भिंग लावून, रेघेवर तेजाबाचा थेंब टाकून सांगितलं, ‘सोनं आहे. थोडंच, पण आहे.’

इथून पुढे त्या घरात शहाणं माणूस उरलं नाही. थोरला मुलगा गाड्या विकतो. तो म्हणाला, दगड फोडायचा, सोनं काढायचं, विकायचं. धाकटा मुलांना पोहायला शिकवतो. तो म्हणाला, दगड काचेत ठेवायचा आणि तिकीट लावायचं. भाऊजी म्हणाले, ‘अरे, दगडाचं काय घेऊन बसलात? सोनं दगडात, दगड मोरीत. म्हणजे मोरीखाली खाण!’

दोघांनी त्यांच्याकडे असं भारावून पाहिलं, की मला या पोरांच्या शाळेच्या मास्तरांची दया आली.

‘एक अट,’ भाऊजींनी आवाज खाली आणला. ‘आईंना यातलं अक्षर कळता कामा नये. बायकांच्या पोटात काही राहत नाही.’ हे बोलणाऱ्या माणसाने त्याच संध्याकाळी केस कापून घेता घेता न्हाव्याला सगळं सांगितलं.

दगड एका डब्यात गेला, डबा कपाटावर चढला. काकूंना सांगितलं, पाइप बदलतोय. चार दिवसांत मोरी कमरेइतकी खणून झाली. काकूंचे गुडघे धरलेले. बिचाऱ्या आंघोळीला वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे जात होत्या, एकेका पायरीला थांबत.

‘एका पाइपासाठी एवढं खणतात?’ त्यांनी विचारलं.

‘नवीन पद्धत आहे, आई,’ थोरला म्हणाला. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण मी सहायक, म्हणून फावडं धरून उभा राहिलो.

खड्ड्यात चिखल निघाला, एक कंगवा निघाला आणि साबणदाणीचं झाकण निघालं. भाऊजी डगमगले नाहीत. आता त्यांना शेजारच्या दातांच्या डॉक्टरचा संशय आला. तो म्हणे सोन्याचे दात वितळवून गटारात सोडतो. दोन दिवस त्यांनी डॉक्टरवर पाळत ठेवली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरने त्यांना आत बोलावलं, खुर्चीत बसवलं आणि तुटलेली दाढ उपटली. गालाला बोळा धरून भाऊजी परतले ते नवा निष्कर्ष घेऊनच. ‘डॉक्टल निल्दोष आहे. खाण वळली आहे. स्वयंपाकघलाकडे.’

मुलगे लगेच कामाला लागले. शुक्रवारी सकाळी फरशी फोडायला ड्रिलवाला येणार, असं ठरलं. गुरुवारी शेगडी, भांडी, पिंपं सगळं बाहेरच्या खोलीत आलं. काकू त्या पसाऱ्यात उभ्या राहिल्या. स्वतःच्या स्वयंपाकघराकडे त्यांनी एकदा पाहिलं. मला स्वतःची लाज वाटली.

पीठ ठेवायला त्यांना डबा हवा होता. भाऊजी खडूने फरशीवर बाण काढत होते. काकूंनी मला खूण केली, तशी मी कपाटावरचा डबा काढून दिला. मुद्दाम, असं कोणी म्हणालं तर नाही म्हणणार नाही.

काकूंनी झाकण उघडलं. ‘अगंबाई! माझा टाच घासायचा दगड! आठ वर्षं शोधतेय मी. कुठे मिळाला?’

भाऊजींचा खडू मोडला.

‘टाच घासायचा?’ धाकटा पुटपुटला.

‘मोरीत निसटला होता हातातून, आणि जाळी तर तुटलेलीच होती. तुमच्या बाबांनी आणलेला, तुमच्या जन्माआधी सोन्याच्या खाणीवर कामाला होते तिथून. लग्नानंतर पहिल्यांदा सुटीवर आले तेव्हा. कानातले आणतो म्हणाले होते आणि हातात ठेवला धोंडा. म्हणे, यात सोनं आहे. मी म्हटलं, असेल तर काढून आणा! आणि लागले टाचा घासायला. जाईपर्यंत पुन्हा कधी त्यांनी विषय काढला नाही.’

‘आई,’ थोरला म्हणाला, ‘सोनं आहे त्यात. सोनाराने सांगितलंय.’

काकू तिथेच पिंपावर बसल्या. ‘खरंच आहे?’

‘खरंच,’ मी म्हणालो.

बराच वेळ त्या दगडावरून अंगठा फिरवत राहिल्या. ‘मला आयुष्यभर वाटत आलं, थाप मारली या माणसाने.’

थोरल्याने घसा साफ केला. ‘फोडू या का मग? एका कानापुरतं तरी निघेल.’

‘तू आधी ड्रिलवाल्याला नको म्हणून कळव,’ काकू म्हणाल्या. ‘आणि मोरी भरा. तिघं मिळून. मी बघत बसणार आहे.’

भाऊजींनी वहीत नोंद केली: ‘दगडाचा मूळ स्रोत अखेर उघडकीस. प्रकरण निकाली.’ मग फावडं उचललं. या सबंध तपासात त्यांनी नीट केलेलं हे एकच काम.

आठवड्याने मोरी तयार झाली. काकू दगड घेऊन आत गेल्या आणि कडी लावली. पाण्याचा आवाज आला, मग घासण्याचा.

थोरल्याच्या जिवाचं पाणी झालं. त्याने दारावर थाप मारली. ‘आई! सोनं झिजेल!’

‘झिजू दे,’ आतून आवाज आला. ‘मला दिलंय ते.’