अण्णांच्या कपाटातली माणसं

आमच्या मेडिकलमधले सगळ्यात जुने नोकर अण्णा नव्या माणसाला कधी नाव विचारायचे नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून त्याला एकदा नीट बघायचे आणि मनातल्या मनात औषधांच्या कपाटात ठेवून द्यायचे.

नव्वदच्या दशकात डी.फार्म. होऊन मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या त्या दुकानात लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी माझा निकाल लागला. "अक्का, तू पाण्यात टाकायची गोळी. टाकली की फसफसतीस. पर दोन मिनटात गार." मला भयंकर राग आला. तो दोन मिनिटांत गेलाही, याचा जास्त राग आला.

मालक म्हणजे कॅप्सूल. "वरनं रंगीत. आत काय हाय ते कंपनीलाच ठावं." आणि माझा सहकारी विलास हा मलम. सावकाश मुरणारा. विलास एक चिठ्ठी वाचायला इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात पेशंट आपोआप बरा व्हावा.

मालक एकदा पुण्याला कसल्याशा शिबिराला जाऊन आले आणि येताना छापील प्रश्नावल्या घेऊन आले. कोणाचा स्वभाव कोणत्या रंगाचा, हे कळलं की दुकानातला एकोपा वाढतो म्हणे. मी लाल निघाले, विलास निळा. एकोपा होता तिथंच राहिला. अण्णांनी आपला फॉर्म भरलाच नाही, त्यात गुंडाळून डबा घरी नेला.

खरी व्यवस्था अण्णांचीच होती. मी फळीवरून औषध काढायचं आणि नाव, पॉवर मोठ्यानं म्हणायची. विलासनं चिठ्ठीत बघून "व्हय" म्हणायचं. मगच औषध पिशवीत. "फसफसणारीनं काढायचं, मलमानं तपासायचं. उलटं केलं तर गिऱ्हाईक मरंल, न्हाईतर म्हातारं हुईल." हे वर्षभर झकास चाललं.

मग पंख्यावरून आमचं वाजलं. पंखा लावला की विलासच्या चिठ्ठ्या उडायच्या, बंद केला की माझा जीव घामानं जायचा. आम्ही बोलणं टाकलं. मालकांनी सांगून टाकलं, "महिनाअखेरपर्यंत नीट वागा, नाहीतर दोघांतला एक कमी करतो." आम्हा दोघांपेक्षा अण्णाच जास्त घाबरले. मुद्दाम एकच चहा मागवून आमच्यात अर्धा अर्धा करायचे. विलास आपला अर्धा निमूटपणे प्यायचा. मी माझा गार होऊ द्यायची.

त्यातच एके दुपारी गारगोटीचे एक आजोबा बीपीच्या गोळ्यांना आले. मी पंचवीसच्या जागी पन्नासची पट्टी काढली, आणि अबोला असल्यामुळं मोठ्यानं काहीच म्हटलं नाही. विलासच्या ते लक्षात आलं. पण बोलायचं तर नव्हतं. म्हणून त्यानं वळणदार अक्षरात 'पंचवीसची हवी होती' असं लिहून कागद माझ्यापुढं वजनाखाली ठेवला. मी तो वाचेपर्यंत आजोबा एसटी स्टँडवर पोचले होते.

अण्णा पंचवीसची पट्टी उचलून पायात चप्पल न घालता धावले, रिक्षात बसले आणि गेले. अर्ध्या तासानं परत आले ते हातात पन्नासची पट्टी घेऊन.

"गारगोटीच्या गाडीत चढलो आन् वरडलो, बीपीवालं कोण हाय? नऊ जणांनी हात वर केलं."

आम्हाला हसण्याची हिंमत झाली नाही. दुपारी बंद करायची वेळ झाली होती. अण्णांनी शटर अर्धं ओढलं आणि स्टुलावर बसले. आता शिव्या येणार म्हणून आम्ही दोघं मान खाली घालून उभे.

"गडहिंग्लजला मेडिकल हुतं आमचं," अण्णा म्हणाले. "मी आन् धाकटा भाऊ. दोघं बी इंजेक्शन. टोचायला दोघं, कापूस धरायला कोण न्हाय. शेवटचं सा म्हैनं आम्ही बी चिठ्ठ्याच लिवत हुतो. मग मी निघून आलो. सोळा वर्सं झाली."

इतकी वर्षं हा माणूस अख्ख्या गावाला कपाटात लावत होता आणि तो स्वतः कोणत्या फळीवरचा, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

"मग जाऊन बोला की," विलास म्हणाला. तीन आठवड्यांत त्यानं माझ्यासमोर उच्चारलेलं ते पहिलं वाक्य.

"गेलतो की, दिवाळीत. काउंटरम्होरं हुबा ऱ्हायलो. त्यानं मान वर केली आन् म्हणला, काय पायजे पावणं?"

"ओळखलं नाही तुम्हाला?" मी विचारलं.

"काय म्हाईत. मी बी इचारलं न्हाय." अण्णा तळपायाला लागलेला खडा काढत बसले. "तापाच्या गोळ्या मागितल्या. धाच्या पट्टीतल्या चार कापून दिल्या त्यानं. कात्री अजून माझीच वापरतोय."