विनयचा लाल पतंग

म्हाताऱ्या माणसांना हरवून टाळ्या पिटणारा इसम ठाण्याच्या नौपाड्यात एकच, आमचा शेजारी विनय.

हा घोडबंदर रोडच्या एका कंपनीत ज्येष्ठांसाठी व्हिडिओ गेम बनवतो. टीव्हीसमोर उभं राहून हात हलवायचे, की पडद्यावर आपला पतंग उडतो. खांदे मोकळे होतात म्हणे. समोर एक लाल पतंग असतो आणि तो सगळ्यांना कापतो. परवा माझ्या आईचा पतंग कटला, तेव्हा हा पठ्ठ्या सोफ्यावरून उडालाच.

"काकू, गेलात! कसला पेच टाकला बघा!"

"मेल्या, वयाचा तरी मान ठेव," आई कडाडली. "एखादा डाव सोड की!"

"सोडणार नाही. उद्या परत या."

हे त्याचं ठरलेलं वाक्य. साहेबांनी सोपी पातळी मागितली, त्यांनाही त्याने नाहीच म्हटलं. आई मात्र दुसऱ्या दिवशी पदर खोचून हजर.

"एवढा कसला रे निर्दय तू?" मी विचारलंच.

विनयने टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "तो लाल पतंग म्हणजे आमचे अण्णा."

अण्णा म्हणजे त्याचे वडील. डोंबिवलीत संक्रांतीला त्यांच्या पतंगाला भिडायची कोणाची छाती नव्हती. गेम बनवताना विनयने त्यांच्याच हातांच्या हालचाली टिपल्या आणि लाल पतंगाला दिल्या. पुढे अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात वर जाईना, गेममध्ये ते हरू लागले. विनयला बघवेना. त्याने गुपचूप त्यांच्यापुरता गेम सोपा केला. अण्णा लागोपाठ जिंकले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

"म्हातारा झालोय रे, लहान नाही झालो," एवढंच म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले. पुन्हा टीव्हीसमोर उभे राहिले नाहीत.

"हरू द्यायला हवं होतं रे त्यांना," विनय म्हणाला.

गेल्या रविवारी मी त्याच्याबरोबर डोंबिवलीला गेलो. चपला काढता काढताच त्याने सुरुवात केली, "अण्णा, तुमच्या पतंगाने काकूंना पुन्हा कापलं! खरंच जिंकलात!"

"शप्पथ अण्णा," मीही म्हणालो. "माझीच आई ती. घरी येऊन जेवली नाही धड."

अण्णा आम्हा दोघांकडे बघून हसले. डाव्या हाताने त्यांनी विनयची पाठ थोपटली.

"हो रे बाळा, जिंकलो हं मी," लहान मुलाची समजूत घालावी तसं ते म्हणाले.